वडिलांच्या दुकानात स्कॅनर लावायचा, पण कोणाच्या खात्याचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात. गावात वडिलांचं किराणा दुकान, तीस वर्षांचं. रोजचा गल्ला साधारण ९,००० रुपयांचा. आता गिऱ्हाईक आधी ‘स्कॅनर आहे का?’ विचारतं आणि नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. वडील म्हणतात, टॅक्सची नोटीस येते, गावात रेंज नसते, बँक चौदा किलोमीटरवर आहे, मला ते झेंगट नको. त्यांना पटवायचं कसं, आणि ते तयार होईपर्यंत तुमच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर छापून दुकानात चिकटवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: चिकटवू नका. कारण पुढे येईलच.

पहिल्याला वेळ लागेल. मी चार वर्षं बँकमित्र होतो, अंगठा लावून घेऊन लोकांना पैसे काढून देणारा. २०१७ पासून तालुक्याच्या गावी छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि विवरणपत्रं बघतो. एवढ्या वर्षांत ‘नको’ म्हणणारे दुकानदार खूप भेटले, आणि त्यातले अडाणी म्हणून नको म्हणणारे फारच थोडे. बहुतेकांनी मनातल्या मनात एक हिशेब केलेला असतो, तो आपल्याला सांगत नाहीत एवढंच. नोटीस, रेंज ही वर सांगायची कारणं. खालचं कारण असं असतं की दुकानात आलेला पैसा दुकानात राहत नाही, दोन-तीन दिवसांत तो दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा असतो, आणि तो दुसरा माणूस नोटा मागतो.

तुमच्या वडिलांचे ९,००० घ्या. किराण्यात सुटतं किती? माल कुठला यावर आहे, पण मी बघतो त्या दुकानांत शंभराला आठ-दहा रुपये. म्हणजे रोजच्या गल्ल्यातले ८,००० च्या वर परत बाहेर जातात. बिस्किटं-साबणाच्या एजन्सीची गाडी, धान्याचा ठोक व्यापारी, तेलाचे डबे, दूधवाला, हमाली, भिशीचा हप्ता, हंगामात शेतातली मजुरी. यातल्या मजुरीला नोटाच लागतात. हमालीलाही. आता समजा स्कॅनर लावला आणि निम्मा धंदा फोनवर गेला. रोज साडेचार हजार खात्यात जमा. गल्ल्यात उरले साडेचार. आणि गुरुवारी व्यापारी दारात, ‘शेठ, रोख द्या.’ मग दुकान बंद करून तालुक्याला जायचं, एटीएममध्ये पैसे नसले तर बँकेच्या रांगेत उभं राहायचं, अर्धा दिवस गेला. वडील ‘बँक लांब आहे’ म्हणतात त्याचा अर्थ हा.

म्हणून मी आता कोणालाही ‘स्कॅनर लावा’ असं सांगून सुरुवात करत नाही. आधी विचारतो, तुम्ही पैसे देता त्यातलं कोण कोण फोनवर घेतं? एजन्सीचा पोरगा आता बहुतेक ठिकाणी घेतो, किंबहुना त्यालाच बरं पडतं, दिवसभराची रोकड खिशात घेऊन मोटारसायकलवर फिरावं लागत नाही. ठोक व्यापाऱ्याचं काही सांगता येत नाही. काही जण खुशीनं घेतात, काही बिलाशिवाय माल देतात म्हणून रोखीवर अडून बसतात. बाहेर जाणाऱ्या पैशातला जेवढा वाटा फोनवर जाऊ शकतो, साधारण तेवढा वाटा फोनवर आला तरी दुकानदाराचं काही अडत नाही. सकाळी आला, दुपारी एजन्सीला गेला, बँकेचं तोंड बघायची गरज नाही. तेवढ्याच्या पुढे गेला की त्रास सुरू.

केनियात एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायचं काम, २००७ मध्ये सुरू झालं आणि साध्या फोनवर खेडोपाडी पसरलं, तेव्हा त्याच्या मागे गावागावांतले एजंट होते. फोनमधल्या पैशाची नोट करून देणारा आणि नोटेचा फोनमधला पैसा करून देणारा माणूस हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे ते काम थोडंफार बँकमित्र करतो, आणि एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: बँकमित्राकडे रोकड नेहमी कमी पडते. पगाराच्या, अनुदानाच्या दिवशी माझ्याकडची दुपारी दोनलाच संपायची. मग मी शेजारच्या कापडवाल्याकडून नोटा घ्यायचो आणि तेवढे पैसे त्याच्या खात्यात टाकायचो. त्याचा बँकेचा हेलपाटा वाचायचा, माझी रांग पुढे सरकायची. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात बँकमित्र असेल तर वडिलांची त्याच्याशी ओळख असणं हे कुठल्याही ॲपपेक्षा कामाचं आहे. उलट गरजही पडते. वडिलांना नोटा हव्या असतील तेव्हा त्याच्याकडे अंगठा लावून काढता येतात.

आता टॅक्स. इथे वडिलांची भीती खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात विक्रीकर खात्यानं यूपीआयची आकडेवारी घेऊन हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बंगळुरात दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे सरकारनं नमतं घेतलं, पण ती बातमी फोनाफोनी होत आपल्याकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली. त्या महिन्यात माझ्याकडे रोज एक तरी माणूस यायचा, स्कॅनर काढून टाकू का म्हणून.

कायदा विक्री मोजतो. ती नोटांनी झाली का फोननं झाली, हे तो बघत नाही. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. तुमच्या वडिलांचे रोजचे ९,०००, वर्षात दुकान ३६० दिवस उघडं धरलं तर ३२ लाख ४० हजार. म्हणजे आत आहेत. पण फार आत नाहीत. रोजचा गल्ला ११,१०० च्या आसपास गेला की ४० लाखांची रेघ येते, आणि सणासुदीचे महिने धरले तर ती वाटते त्यापेक्षा जवळ असते. स्कॅनर लावल्यानं ही रेघ हलत नाही. स्कॅनरमुळे ती दिसते, एवढंच. रोखीत ओलांडली असती तरी नोंदणी घ्यावीच लागली असती.

एक बारीक खाच आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. ४० लाखांची मर्यादा निव्वळ माल विकणाऱ्याला आहे. वडील दुकानात मोबाइल रिचार्ज, वीजबिल भरणा, पैसे पाठवून देणं असलं काही करून कमिशन घेत असतील तर ती सेवा झाली, आणि मग मर्यादा २० लाखांवर येते. कमिशन महिन्याला चारशे रुपये असलं तरी. असं असेल तर स्कॅनरचा विचार नंतर करा, आधी तालुक्यातल्या एखाद्या कर सल्लागाराला कागद दाखवा. नोंदणी घ्यावी लागली तरी आभाळ कोसळत नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशनची सोय आहे, विक्रीवर एक टक्का भरायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, कागदपत्रंही कमी.

काही जण यावर भलताच उपाय काढतात. एक क्यूआर नवऱ्याच्या नावाचा, एक बायकोच्या, एक मुलाच्या, म्हणजे कुठलंच खातं रेघेपर्यंत जात नाही. दुकान एक, माल एक, बिलं एकाच्या नावावर, आणि पैसे तीन खात्यांत. हे झाकलं जात नाही, उलट नजरेत भरतं.

आयकराची बाजू तर डिजिटलच्या फायद्याची आहे, आणि वडिलांना हा आकडा जरूर दाखवा. छोट्या धंद्याला अंदाजी उत्पन्नाची सोय आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४ एडी म्हणून ओळखली जायची. रोख विक्रीवर किमान आठ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत किंवा फोनवर आलेल्या विक्रीवर किमान सहा. वडिलांची निम्मी विक्री फोनवर धरा: १६ लाख २० हजारांवर सहा टक्के ९७,२०० आणि तेवढ्याच रोखीवर आठ टक्के १,२९,६००. मिळून २ लाख २६ हजार ८००. सगळी रोख असती तर हाच आकडा २ लाख ५९ हजार २०० झाला असता. हा किमान दर आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा. पण दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर एवढ्यावर कर शून्यच निघतो. आणि सलग तीन वर्षं विवरणपत्र भरलेलं असलं की कर्जाला बँकेत गेल्यावर समोरचा माणूस निदान बसा म्हणतो.

आता तुमच्या खात्याचा क्यूआर का नको ते सांगतो. असाच मुलाचा क्यूआर लावलेलं एक दुकान माझ्याकडे हिशेबाला होतं. मुलगा चाकणला कंपनीत. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की म्हातारा फोन लावायचा, ‘आले का रे ऐंशी?’ मुलगा कंपनीत कामाच्या लाईनवर, फोन लॉकरमध्ये. गिऱ्हाईक पिशवी घेऊन उभं. शेवटी म्हातारा म्हणायचा, जा बाबा, आले असतील. महिनाअखेरीला मुलगा हिशेब करून पैसे पाठवायचा, प्रामाणिकपणे पाठवायचा, पण पाठवायचा तो. स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यासाठी बापाला मुलाच्या पैशाची वाट बघायला लागली. दोन महिन्यांनी मी गेलो तर काउंटरवरच्या स्कॅनरसमोर गोळ्यांची मोठी बरणी ठेवलेली. मी काही बोललो नाही, त्यांनीच सांगितलं, ‘कोणी विचारलं तर सरकवतो.’

शिवाय तुमच्या बाजूनं बघा. विवरणपत्रात तुमचा पगार दिसणार आणि खात्यात वर्षभर वीस, पस्तीस, ऐंशी करत दहा-पंधरा लाख जमा होणार. उद्या आयकर खात्यानं विचारलं तर ते उत्पन्न तुमचं नाही हे सिद्ध करायचं काम तुमचं. कर्नाटकातही बरेच जण इथेच अडकले, घरचे पैसे, उसने पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात. म्हणून वडिलांच्या नावावर, शक्यतो फक्त दुकानासाठी म्हणून एक वेगळं खातं. घरखर्चाचं वेगळं. चालू खातं लागतं का बचत चालतं हे बँकेवर आहे. चालू खात्यात किमान शिल्लक ठेवायला सांगतील, ती किती ते आधी विचारा.

वेगळं खातं ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे खातं गोठणं. कुठल्यातरी राज्यात कोणाची तरी फसवणूक होते, तो पैसा चार हातांतून फिरतो, त्यातला एखादा माणूस तुमच्या वडिलांकडून दोनशे रुपयांचा माल घेतो, आणि तपासात वडिलांच्या खात्यावर बंदी येते. माझ्या एका दुकानदाराचं खातं अशा साडेतीनशे रुपयांपायी दीड महिना बंद होतं, त्यात त्याच्या मुलीच्या फीचे पैसे होते. असं झालं तर बँकेकडून लेखी घ्यायचं: तक्रार कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्याची, तक्रार क्रमांक काय, वादातली रक्कम किती. मग त्या दिवसाची विक्रीची नोंद जोडून तिकडे अर्ज करायचा आणि फक्त तेवढी रक्कम रोखून बाकीचं खातं मोकळं करा अशी मागणी करायची. पण खरा उपाय आधीचा. दुकानाच्या खात्यात दोन-तीन दिवसांच्या खरेदीपुरतेच पैसे ठेवायचे, बाकी पुढे सरकवायचे.

रेंजचं काय? इथे गैरसमज फार आहे. छापील क्यूआरला ना वीज लागते ना इंटरनेट. नेट लागतं ते पैसे देणाऱ्याच्या फोनला. दुकानदाराला रेंज लागते ती ‘आले’ हे कळायला. त्यासाठीच ते बोलणारं खोकं, साउंडबॉक्स. त्यात स्वतःचं सिम असतं, आणि ते कुठल्या कंपनीचं आहे हे कोणी विचारत नाही. एका वस्तीवर मी पाहिलं, सगळं गाव एका कंपनीच्या टॉवरवर जगतं आणि खोक्यात सिम दुसरीचं. खोकं आठ दिवस मुकं, भाडं मात्र चालू. बसवायला येणाऱ्या पोराला दुकानात उभं करून तीन वेळा दहा-दहा रुपये पाठवायला लावा, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. बोललं तर ठेवा. भाडं महिन्याला शंभर रुपयांच्या आगेमागे असतं, ‘पहिले तीन महिने फुकट’ म्हटलं तरी चौथ्या महिन्यापासून खात्यातून आपोआप कापायची परवानगी त्याच दिवशी घेतलेली असते, तेवढं बघा. बँकांचेही स्वतःचे साउंडबॉक्स असतात, शाखेत विचारून बघायला हरकत नाही.

खोक्याचा आवाज बारीक ठेवता येतो हेही वडिलांना सांगा. काही दुकानदारांना ते चारचौघांत ओरडतं हेच आवडत नाही. गावाला कळतं ना आज किती धंदा झाला!

एसएमएसवर विसंबू नका. काही बँका छोट्या रकमांचे मेसेज पाठवतच नाहीत. आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं टिकचिन्ह हा पुरावा धरू नका, हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी ॲप फिरतात. खोकं बोललं नाही आणि गिऱ्हाईक म्हणतंय पैसे कट झाले, असं आठवड्यातून एकदा तरी होणार. ओळखीचं असेल तर वहीत नाव, रक्कम, वेळ लिहून माल द्यायचा. अनोळखी असेल तर थांबवायचं. दुकानदाराला केलेल्या पेमेंटमध्ये खात्यातून पैसे गेले आणि इकडे पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आलं की काउंटरवरची निम्मी भांडणं मिटतात. आणि कधी कधी सगळंच बंद पडतं. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळत होतं. त्या दिवशी ज्यांच्या गल्ल्यात सुट्टे होते त्यांचा धंदा झाला.

फसवणुकीचं एकच वाक्य वडिलांच्या कानावर घाला: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी फोन करून ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हटलं तर फोन ठेवायचा. ‘चुकून पाचशेच्या जागी पाच हजार गेले, परत करा’ म्हणणाऱ्याला सांगायचं, तुमच्या बँकेमार्फत या. काही गडबड झालीच तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक, आणि तासाभरात, उद्या सकाळी नाही. स्टिकर शटरच्या बाहेर चिकटवू नका, रात्री त्यावर दुसरा चिकटवून जाणारे असतात. काउंटरच्या आत, हात पोचेल तिथे. दर सोमवारी स्वतःच एक रुपया पाठवून नाव कोणाचं दिसतं ते बघायचं.

क्यूआर कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर लोक तासन्तास बोलतात, मला त्यात फारसा दम वाटत नाही. पूर्वी प्रत्येकाचा स्कॅनर वेगळा असायचा, म्हणून काउंटरवर चार-चार स्टिकर दिसायचे. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये आपापले बंदिस्त क्यूआर काढायला मनाई केली आणि जुने बदलायला ३१ मार्च २०२२ ची मुदत दिली. आता कुठल्याही ॲपनं कुठलाही यूपीआय क्यूआर चालतो. विचारायचं ते एवढंच: पैसे खात्यात लगेच येतात का दुसऱ्या दिवशी सकाळी? एजन्सीची गाडी दुपारी येत असेल तर या फरकाला अर्थ आहे. बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला कमिशन लागत नाही, १ जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. क्रेडिट कार्ड जोडून केलेल्या मोठ्या पेमेंटला वेगळे नियम आहेत, पण किराण्यात त्याची वेळ क्वचितच येते.

ॲपवर ‘तुमच्यासाठी पन्नास हजारांचं कर्ज मंजूर’ असं झळकायला लागेल. रोज थोडे थोडे कापून घेतात त्यामुळे हप्ता जाणवत नाही, पण वर्षाचा व्याजदर काढून बघितला तर डोळे पांढरे होतात. घेऊ नका असं म्हणत नाही, दर विचारल्याशिवाय घेऊ नका.

इथपर्यंत जे सांगितलं त्यानं वडिलांच्या शंका मिटतील, पण माणूस शंका मिटल्या म्हणून नवीन काही सुरू करत नाही. त्याला त्यातून काहीतरी मिळावं लागतं. माझ्या अनुभवात जुन्या दुकानदाराला स्कॅनरनं जिंकलं ते उधारीच्या वसुलीत. गावातल्या म्हाताऱ्या बाईची उधारी १,८०० झालीय. मुलगा मुंबईला, गणपतीला येतो तेव्हा देतो, कधी निम्मीच देतो. एका दुकानदाराच्या सुनेनं काय केलं, वहीचं पान आणि क्यूआर, दोन्हींचा फोटो त्या मुलाला पाठवला. खाली एकच ओळ, ‘आईंचं खातं, जमेल तसं.’ अकरा मिनिटांत खोकं बोललं. सासरे जागेवरून उठले आणि खोक्याकडे बघत राहिले. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला आणखी सहा पानं काढून दिली. हे तुमच्या वडिलांच्या वहीत किती पानांना लागू पडेल ते गावातून बाहेर गेलेली पोरं किती यावर आहे, पण बहुतेक गावांत ती असतातच.

उलट बाजूही सांगतो. स्कॅनर आल्यावर पहिले दोन महिने वडील म्हणतील, धंदा पडला. पडलेला नसतो, गल्ल्यात नोटा कमी दिसतात. तीस वर्षं रात्री नोटा मोजून दिवस कसा गेला ते ठरवलेल्या माणसाला हे फार लागतं. वहीत तीन रकाने पाडा: रोख, फोन, उधार. रात्री आईनं किंवा वडिलांनी तिन्ही आकडे लिहून खाली बेरीज मारायची. फोनचा आकडा खोक्याचं बटण दाबलं तर कळतो, किंवा ॲपमधून. हीच वही उद्या खातं गोठलं, नोटीस आली, कर्ज हवं झालं, तर कामाला येते.

आणि सगळं पाहूनही वडील नकोच म्हणाले तर? गिऱ्हाईक खरंच किती जातंय ते आधी मोजा. दिवसाला दोन-तीन जण जात असतील आणि व्यापारी रोखीशिवाय माल देत नसेल, तर मी सहा महिने थांबेन. घाई तुम्हाला आहे, दुकान त्यांचं आहे.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा स्टिकर घेऊन जाऊ नका, एक कोरी वही न्या. पंधरा दिवस वडिलांना फक्त जाणारे पैसे लिहायला सांगा: कोणाला दिले, किती, आणि तो माणूस फोनवर घेतो का. विचारायला लाज वाटत असेल तर एजन्सीच्या पोराला तुम्हीच विचारा. निम्मी रक्कम फोनवर घेणाऱ्यांची निघाली तर खातं उघडायला घेऊन जा, आधार, पॅन आणि दुकानाचा फोटो बरोबर ठेवा. तीन-चार नावंच निघाली तर ती यादी इथे टाका, मग फक्त उधारीच्या वसुलीपुरता स्कॅनर कसा ठेवायचा ते बघू.